प्लॉट विकण्याआधी: सट्ट्यात अडकलेल्या भावाबद्दल विचारणाऱ्या ताईंना

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. भाऊ 28 वर्षांचा, बुटीबोरीच्या कंपनीत नोकरीला, हातात महिन्याला 34 हजार. दोन वर्षांपासून मोबाइलवर क्रिकेटचा सट्टा खेळतो. मध्यंतरी टेकडीच्या गणपतीसमोर शपथ घेऊन दोन महिने थांबला, पण आयपीएल आली आणि पुन्हा सुरू झाला. आता साडेसात लाखांचं कर्ज त्याने कबूल केलं आहे. बाबा निवृत्त आहेत, बेसा भागातला प्लॉट विकून एकदाचं मिटवू म्हणतात. आई म्हणते लग्न करून देऊ, जबाबदारी आली की सुधरेल. आणि मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की घरात एकच प्रश्न येतो: "तो काय पागल आहे का?" ताईंना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. प्लॉट विकावा का, डॉक्टरशिवाय सुटेल का, आणि लग्न लावावं का.

ताई, आधी थोडक्यात सांगतो. प्लॉट आत्ता विकू नका. डॉक्टरशिवाय काही जणांचं सुटतं, पण शपथ मोडून इतकं कर्ज झाल्यावर त्यावर विसंबू नका. लग्नाची बोलणी थांबवा. या तिन्हींमागचं कारण एकच आहे, ते नीट समजलं तर पुढचे निर्णय तुम्हीच घेऊ शकाल.

बाबांचा उपाय, आईचा उपाय आणि डॉक्टरकडे न जाण्याचा हट्ट, तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. बाहेर कोणाला कळू न देता मिटवायचं. सट्ट्याचं व्यसन नेमकं याच्यावर जगतं. दारूचा वास येतो, चाल बिघडते. सट्टा खेळणारा माणूस तुमच्यासमोर बसून जेवतो आणि मांडीवरच्या फोनवर सेशन, म्हणजे ठरावीक ओव्हरांत किती रन होतील यावरचा डाव, लावतो. तो सगळ्यांपासून लपवतो, मग घरचे नातेवाइकांपासून लपवतात, आणि या दुहेरी झाकणाखाली त्याला पैसे मिळत राहतात. मित्राला ठाऊक नसतं म्हणून तो उसने देतो, मावशीला ठाऊक नसतं म्हणून तीही देते. म्हणून मी घरच्यांना एक फरक पहिल्या भेटीतच सांगतो. खाजगी ठेवणं वेगळं आणि लपवणं वेगळं. सगळ्या मोहल्ल्याला कळायची काहीच गरज नाही. पण ज्यांच्याकडून त्याला पैसे मिळू शकतात आणि जे त्याच्यावर उपचार करू शकतात, त्यांना कळलंच पाहिजे. तेवढी दहा-बारा माणसं असतात.

आता, काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तो स्वतः थांबायचं म्हणतो की तुम्ही म्हणता म्हणून मान हलवतो? सोबत दारू किंवा खर्रा-गांजा किती? आधी कधी उदासीचा मोठा काळ गेला आहे का, किंवा याच्या उलट, चार-पाच दिवस झोपेची गरजच नाही, बोलणं आणि खर्च सुसाट, असं झालं आहे का? देणेकऱ्यांत कोणी धमकावणारा आहे का? याच्या उत्तरांवर कशाला आधी हात घालायचा हे बदलतं. एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत पहिलीच राहते.

ती म्हणजे त्याचा जीव. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका फार मोठा असतो, आणि कर्ज घरात उघड होतं त्यानंतरचे दिवस विशेष धोक्याचे असतात. माणसाला वाटतं, मी मेलो तर निदान विषय संपेल. म्हणून त्याला सरळ विचारा, "जीव द्यावा असं कधी मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते. "हो" म्हणाला, किंवा हिशेब मिटवल्यासारखं बोलू लागला, वस्तू वाटू लागला, तर त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका. घरातल्या झोपेच्या गोळ्या, शेती असेल तर फवारणीची औषधं कुलपात ठेवा, आणि थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात न्या. टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या नंबरावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतून मिळते. तातडीचं असेल तर 112. आणि त्या आठवड्यात "तुझ्यामुळे बापाची इज्जत गेली" हे वाक्य घरात कोणीही उच्चारायचं नाही, एवढं आईबाबांकडून वदवून घ्या.

"पागल आहे का" याचं उत्तरही घरात द्यावं लागेल. नाही, पागल नाही. जुगाराचं व्यसन हा निदान करता येणारा आजार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये त्याला दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या गटात घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो आहे. डॉक्टर बारा महिन्यांतली नऊ लक्षणं तपासतात आणि चार असली तरी निदान होतं: तीच मजा यायला मोठी रक्कम लावावी लागणं, थांबल्यावर चिडचिड, थांबायचे फसलेले प्रयत्न, डोक्यात सतत तोच विषय, मन खराब झालं की खेळणं, हरलेले काढायला परत खेळणं, खोटं बोलणं, नोकरी-नाती धोक्यात घालणं, आणि पैशासाठी दुसऱ्यांवर विसंबणं. तुम्ही लिहिलेल्यातच यातली पाच-सहा दिसतात.

यातलं "हरलेले काढायला" हे मर्म आहे. भाऊ म्हणत असेल, "फक्त कव्हर करतो, मग बंद." हे शक्य का नाही ते आकड्यांत बघा. दोन्ही टीम तुल्यबळ असल्या तरी बुकी दोन्हीकडे बरोबरीचा भाव देत नाही. समजा 90 पैसे दिला, तर हजार लावून जिंकलात तर 900 येतात, हरलात तर 1,000 जातात. दर डावामागे सरासरी 50 रुपये बुकीकडे. हे सावकाश झिजणं झालं. खरा खड्डा दुप्पट करण्यात आहे. हजारापासून सुरू करून प्रत्येक हारीनंतर दुप्पट लावलं, तर सलग आठ हारींत 2,55,000 जातात. पन्नास-पन्नास टक्क्यांच्या खेळात सलग आठ हारी सरासरी 510 डावांत एकदा येतात. सेशन आणि बॉल-बाय-बॉल लावणारा माणूस दिवसाला 35 डाव सहज लावतो. म्हणजे हा अपघात साधारण पंधरा दिवसांच्या अंतरावर असतो. "मला मॅच कळते" याने यात फरक पडत नाही, कारण मॅच कळणं भावात आधीच धरलेलं असतं.

त्यातून आयडीवर, म्हणजे बुकीने दिलेल्या सट्ट्याच्या खात्यावर, रुपये दिसत नाहीत, पॉइंट दिसतात. जिंकलेलं काढून घ्यायला वेळ लागतो, भरायला दहा सेकंद. शेवटच्या बॉलवर दोन रनांनी गेलेला डाव मेंदूला हार वाटत नाही, "जवळपास जिंकलो" वाटतो, आणि त्यातूनच पुन्हा लावायची ओढ तयार होते. हे सगळं इच्छाशक्तीच्या पलीकडे का जातं, ते यातून कळेल. त्याला आळशी, कपटी म्हणत बसलं तर उपचाराला हात लागत नाही.

आता पैशांचं कुंपण. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून सविस्तर लिहितो. तत्त्व सोपं आहे: ओढ अनावर होते तेव्हा ती साधारण वीस-तीस मिनिटं टिकते आणि ओसरते. त्या अर्ध्या तासात त्याच्या हातात पैसे पोहोचू नयेत, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप. शिक्षा म्हणून केलं तर तो पळवाट काढेल. त्याच्या संमतीने, लिहून, सहा महिन्यांसाठी करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा बसून ठरवा.

पगार जमा होतो त्याच दिवशी तो तुमच्या किंवा बाबांच्या खात्यात वळेल अशी स्थायी सूचना बँकेत द्यायला लावा. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी, कारण पगाराची रात्र सर्वांत धोक्याची. त्याच्या डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे 2020 पासून प्रत्येक कार्डाला ही चालू-बंदची आणि मर्यादेची सोय आहे. क्रेडिट कार्ड बंद करायचा अर्ज द्या. नुसतं कापून टाकलं तरी नंबर फोनमध्ये साठवलेला असतो.

यूपीआयचं ॲप काढून टाकणं पुरेसं नाही. सिम तेच असेल तर दुसरं ॲप पाच मिनिटांत जोडता येतं. "कीपॅडचा फोन दिला" म्हणून निर्धास्त होणारेही असतात, पण साध्या फोनवरूनही यूपीआय चालतं. बँकेत जाऊन त्या खात्याचं यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करता येतं का ते विचारा. रोजच्या खर्चासाठी यूपीआय सर्कल वापरता येतं. 2024 पासून ही सोय आहे: खातं तुमचं, तो दुय्यम वापरकर्ता. यात दोन प्रकार आहेत. एकात महिन्याला 15,000 पर्यंत तो तुम्हाला न विचारता खर्च करू शकतो, तो प्रकार घेऊ नका. दुसऱ्यात त्याच्या प्रत्येक व्यवहाराला तुमच्या फोनवर मंजुरी लागते, तो घ्या. चहा-पोह्याला रोख, आठवड्याला ठरावीक, दर सोमवारी.

घरच्यांचं कुंपण लोक विसरतात. आईचा यूपीआय पिन त्याला माहीत असतो, कारण त्यानेच ॲप लावून दिलेलं असतं. तो आज बदला. बाबांच्या फोनला कुलूप लावा, ओटीपीचे मेसेज लॉक स्क्रीनवर दिसू देऊ नका. आईबाबांच्या आधार-पॅनच्या प्रती त्याच्याकडे असतील तर आईच्या नावावर ॲपचं कर्ज निघू शकतं. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, आणि लॉकरच्या नावांत त्याचं नाव नको. प्लॉटची कागदं, सही केलेले कोरे चेक, मोटारसायकलचं आरसी बुक, सगळं एका ठिकाणी, त्याच्या हाताबाहेर. संयुक्त खातं असेल तर "दोघांपैकी कोणीही" या पद्धतीवरून "दोघांच्या सहीने" या पद्धतीवर न्या.

फोनमधून आयडी देणाऱ्याचा नंबर, ते व्हॉट्सॲप-टेलिग्रामचे ग्रुप त्याच्याच हाताने काढायला लावा. दोन-तीन आठवडे शांत राहिल्यावर "फ्री पॉइंट टाकलेत, बघ" असा मेसेज येतोच, तो कसा टाळायचा हे आधी बोलून ठेवा. बेटब्लॉकर नावाचं मोफत ॲप जुगाराच्या साइट अडवतं. या साइट पत्ते बदलत राहतात, म्हणून ते दुसरं कुंपण समजा, पहिलं नव्हे.

एक इशारा. उधारी थकली की बुकीचे लोक म्हणतात, "पैसे राहू दे, तुझं खातं चालवायला दे, पासबुक-एटीएम-सिम आम्हाला दे." हे कधीच करू नका. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरले की खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. आधीच दिलं असेल तर आजच बँकेत लेखी कळवून खातं बंद करा आणि वकिलाला भेटा.

इथवरचं एका दमात: जीव आधी, मग पैशाच्या वाटा बंद, त्यातही घरच्यांच्या फोनच्या. कर्ज त्यानंतर.

कर्जाचा पहिला सांगितलेला आकडा सहसा अपुरा असतो. सगळंच खोटं असतं असं नाही, काही देणी सांगायची लाज वाटते. म्हणून कागदावर या. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्याच्यासोबत बसून चारही काढा. बँका, कार्डं, कर्जाची ॲप त्यात सापडतील. मित्र, भिशी, सावकार आणि बुकी त्यात नसतील, ते त्याच्याकडून लिहून घ्या. लिहिताना ओरडायचं नाही, नाहीतर यादी तिथेच थांबते.

प्लॉट का नको? सगळं एकदम फेडलं की कार्डाची मर्यादा मोकळी होते, कर्जाचा इतिहास सुधारतो आणि आठवड्याभरात त्याच फोनवर "तुम्हाला चार लाख मंजूर" असा मेसेज येतो. आजार तिथेच असतो, फक्त उधारीची ताकद परत मिळालेली असते. अशी एकरकमी फेड करून वर्षभरात दुसऱ्यांदा त्याच ठिकाणी आलेली घरं फार बघायला मिळतात, आणि दुसऱ्या वेळी विकायला प्लॉट नसतो. त्याचे 34 हजार असे मांडून बघा: 16 हजार कर्जाला, 12 हजार घरात, 4 हजार जाण्यायेण्याला आणि डब्याला, 2 हजार उपचाराला. साडेसात लाखांची नुसती मुद्दल यात 47 महिन्यांत फिटते, व्याजासह पाच वर्षांच्या आसपास. लांब वाटतं. पण दर महिन्याला स्वतःच्या पगारातून कर्ज उतरताना बघणं हा उपचाराचाच भाग आहे.

बाबांना मदत करायचीच असेल तर ती महाग कर्जाच्या जागी स्वस्त कर्ज आणण्यासाठी करा. क्रेडिट कार्डाचं व्याज वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास जातं, सावकाराचं त्याहून वर. तेवढ्या रकमेपुरती मदत थेट देणेकऱ्याला, पावती घेऊन. त्याच्या हातात नाही. बँकेच्या हप्त्यांसाठी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. हप्ते थकण्याआधी गेलात तर ऐकलं जाण्याची शक्यता जास्त. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, नातेवाइकांना त्रास देऊ नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्जाच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो उघडायचा अधिकार नाही. फोटो बदलून पाठवायची धमकी आली तर 1930 वर सायबर तक्रार करा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. विनापरवाना सावकाराविरुद्ध 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार होते.

बुकीची उधारी? भारतीय करार कायदा 1872 चं कलम 30 सांगतं की पैजेचा करार निरर्थक आहे, त्याची वसुली कोर्टातून होत नाही. पण सही केलेला कोरा चेक त्यांच्याकडे असेल तर चेक बाउन्सची नोटीस येऊ शकते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत असते, त्यामुळे ती उशीखाली न ठेवता त्याच दिवशी वकिलाकडे न्या. धमक्या आल्या तर त्याला एकट्याला भेटायला पाठवू नका. आणि "पोलिसांत गेलो तर ह्यालाच आत टाकतील" ही भीती घरात असते म्हणून सांगतो: 2025 मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात शिक्षा पैशांचे खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैसे पोहोचवणाऱ्यांना आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडणं मात्र 1887 च्या जुन्या जुगारबंदी कायद्याखाली गुन्हाच आहे. स्वतः आयडी वाटून कमिशन घेत असेल तरी गोष्ट वेगळी, तेव्हा आधी वकील.

आता लाज, कारण सगळी गाडी तिथे अडते. कोणाला सांगायचं? ज्या मित्रांकडून, नातेवाइकांकडून त्याने घेतलेत किंवा घेऊ शकतो, त्यांना. काय सांगायचं? एवढंच: "त्याची तब्येत ठीक नाही, उपचार चालू आहेत. त्याने पैसे मागितले तर देऊ नका, मला फोन करा." सट्टा, आकडा, कोणता बुकी, काही सांगायचं नाही. पुढे कोणी खोदून विचारलं तर "डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे" म्हणा. ही वाक्यं तुम्ही किंवा बाबांनी फोन करून सांगायची, आईवर टाकू नका. आणि त्याला आधी सांगून करायचं की आम्ही कोणाकोणाला सांगतोय. पाठीमागून केलं तर त्याच्या दृष्टीने ती बदनामी ठरते.

शपथेबद्दल. श्रद्धेला मी कमी लेखत नाही, ती आधार देते. पण "पुन्हा कधीच खेळणार नाही" ही शपथ मोडली की ती मोडल्याचं सांगायची सोय राहत नाही. मग एका डावाची चूक दोन महिने लपते आणि लाखाची होते. त्याऐवजी त्याच्याकडून लहान वचन घ्या: "खेळलो तर चोवीस तासांच्या आत ताईला सांगेन." आणि तुमच्याकडून उलट वचन: सांगितलं तर आरडाओरडा होणार नाही. हे पाळणं घरच्यांना फार जड जातं, हे मी रोज बघतो. पण खेळणं पहिल्याच दिवशी उघड झालं तर नुकसान सहसा थोडं असतं, आणि तेवढं सावरता येतं.

लग्नाचं बोलू. लग्नाने घरात रोख येते, दागिने येतात, कदाचित दुसरा पगार येतो, आणि लपवायला आणखी एक माणूस येतो. जबाबदारीच्या दडपणाखाली तो "एकदाच मोठा हात मारू" याकडेच वळायची भीती जास्त. शिवाय त्या मुलीला काहीही ठाऊक नसताना तिच्या गळ्यात हे कर्ज पडतं. किमान एक वर्ष न खेळता, कर्जाच्या यादीतले हप्ते वेळेवर, उपचार चालू, असं दिसलं की मग स्थळं बघा. आणि साक्षगंधाच्या (साखरपुड्याच्या) आधी, नंतर नव्हे, मुलीला त्याने स्वतः सांगायचं. नकार येईल, येऊ द्या. लपवून झालेलं लग्न कळल्यावर मोडतं तेव्हा मोहल्ल्याला जे कळतं ते याहून कितीतरी जास्त असतं.

उपचार नागपुरात कुठे? मेडिकल, मेयो आणि मिहानमधल्या एम्सला मानसोपचार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण तपासणी होते. मनोरुग्णालयाच्या नावानेच घरचे बिथरत असतील तर मेडिकल-मेयोला जा. तिथल्या रांगेत तुम्ही कशासाठी उभे आहात ते कोणाला कळत नाही. खाजगीत जायचं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग त्यांच्या सल्ल्याने मानसशास्त्रज्ञ. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, ती विचारायला संकोचू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कंपनीला कळेल ही भीती काढून टाका.

पहिल्या भेटीत डॉक्टर झोप, मूड, नशा, आत्महत्येचे विचार आणि चालू औषधं विचारतील. मागे मी अतिउत्साहाच्या काळाबद्दल विचारलं ते याचसाठी: बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटून-पालटून येणारा आजार, असेल तर उपचाराची दिशाच बदलते. नुसतं उदासीचं औषध दिलं तर तो आणखी सुसाट होऊ शकतो. काही जणांना नाल्ट्रेक्सोन देतात, ते ओढ कमी करतं. त्याआधी लिव्हरची तपासणी लागते, आणि अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर ते चालत नाही. घरात एखाद्या ज्येष्ठाला पार्किन्सनच्या प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारख्या गोळ्या सुरू झाल्यावर अचानक जुगाराचा नाद लागला असेल तर तो औषधाचा परिणाम असू शकतो. गोळी मनाने बंद न करता ताबडतोब डॉक्टरांना सांगा.

पण या आजारात मुख्य काम बोलण्याच्या उपचाराचं आहे. आठवड्याला एक याप्रमाणे साधारण आठ ते बारा भेटी. त्यात त्याला रोज एक वही ठेवायला सांगतात: ओढ कधी आली, कुठे, कोण सोबत होतं, खिशात किती होते, दहापैकी किती तीव्र, आणि काय केलं. तीन आठवड्यांत नमुना दिसतो. बहुतेक वेळा संध्याकाळी सात ते अकरा, पानठेला, आणि साहेबांशी झालेला वाद. मग त्या वेळांत दुसरं काही बसवायचं, पानठेला बदलायचा, "जवळपास जिंकलो" या विचाराला कागदावर तपासायचं. पहिले दोन-तीन आठवडे तो चिडेल, झोप उडेल, जेवणावरून भांडेल. घरचे याला गुर्मी समजतात. ही थांबल्याची लक्षणं आहेत, ती ओसरतात.

काय करू नये तेही सांगतो. रात्री गाडी पाठवून मुलगा उचलून नेणारी "व्यसनमुक्ती केंद्रं" टाळा. नोंदणी, डॉक्टर आणि लेखी उपचार योजना दाखवत नसतील तर तिथे ठेवू नका. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. चहात मिसळायच्या पुड्या देऊ नका. त्यांत काय आहे कोणी सांगत नाही, आणि कळलं की त्याचा तुमच्यावरचा विश्वास संपतो.

पुन्हा खेळणं होऊ शकतं, त्यासाठी तारखा आधीच कॅलेंडरवर लिहा. पगाराचा दिवस. मार्च-अखेरपासून मे-अखेरपर्यंत आयपीएल. पोळा आणि तान्हा पोळा, कारण आपल्याकडे तेव्हा पत्त्यांचे डाव बसतातच आणि "सणाचं चालतं" म्हणून घरचेही सोडून देतात. दिवाळीचा बोनस. लग्नसराईतल्या रात्री. या दिवसांत समुपदेशकाची भेट आधीच घेऊन ठेवा आणि त्या महिन्याचं कुंपण पुन्हा एकदा तपासा. त्याला मॅच बघायचीच असेल तर घरच्यांसोबत टीव्हीवर, फोन दुसऱ्या खोलीत. पहिल्या वर्षी बघितलीच नाही तर उत्तम.

या रविवारी काय करायचं ते लिहून संपवतो. जेवणानंतर तुम्ही चौघंच बसा, मामा-काका नकोत. टेबलावर एक वही, त्याचा फोन त्याच्याच हातात. तुम्ही सुरुवात करा: "आम्ही प्लॉट विकणार नाही आणि तुला सोडणारही नाही. आज फक्त यादी करायची आहे." यादी झाली की थांबा, उपदेश त्या दिवशी नको. सोमवारी बँक, मंगळवारी केस पेपर. आणि तो यायला नाही म्हणाला तर तुम्ही एकट्या जा. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी वेगळी भेट घेता येते, 14416 वरही तुम्ही स्वतःसाठी बोलू शकता. दोन वर्षं हे एकटीने पोटात ठेवताना तुमची झोप कशी आहे, हेही तिथे सांगा.